हिरवी पिन, निळी पिन

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नेट बंद पडल्याची पत्रे येऊ लागतात. कुणी महिनाभर तक्रार नोंदवून दमलेला असतो, कुणाच्या घरी राउटर दोनदा बदलून झालेला असतो, कुणाच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा मधेच तुटलेली असते. ही पत्रे वाचताना माझ्या हाताला खाज सुटते. यातल्या काही घरी तरी मला पाच मिनिटे भिंतीवरची फायबरची, म्हणजे उजेडातून नेट आणणाऱ्या काचेच्या तारेची, ती पांढरी डबी उघडू द्यावी, असे वाटते. ते शक्य नाही, म्हणून हे पत्र. जरा लांब झाले आहे. कापायचे असेल तर माझ्या आजोबांचा परिच्छेद कापा, त्या तारेच्या टोकांना असणाऱ्या पिनांचा कापू नका.

मी कराडची. मंडईच्या मागच्या बाजूला आमचे छोटे दुकान आहे. दोन्ही टोकांना पिना असलेल्या पॅचकॉर्ड, दोन पिना समोरासमोर जोडणारे कपलर, पिगटेल, मीडिया कन्व्हर्टर, सीसीटीव्हीचे सामान असे सगळे मिळते. सकाळी गल्ल्यावर नवरा बसतो आणि मी स्प्लायसिंग मशीनची पेटी स्कूटरला अडकवून बाहेर पडते. तुटलेली फायबर जोडणे हा माझा धंदा. दुपारनंतर गल्ल्यावर मी. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "ताई, नेटची पिन द्या." मी विचारते, "हिरवी का निळी?" त्यावर दहातले नऊ जण म्हणतात, "कुठली पण द्या, बसली म्हणजे झालं."

सगळा घोटाळा या "बसली म्हणजे झालं"मध्ये आहे. कारण ती बसते. हिरवी पिन निळ्या भोकात बसते, निळी हिरव्यात बसते, टक् असा आवाजही येतो. जिथे बसायला नको तिथे बसूच नये, अशी सोय या पिनेत केलेली नाही. गॅसच्या शेगडीची नळी चुकीच्या तोंडाला लावली तर निदान वास येतो. इथे वास नाही, ठिणगी नाही, कधी कधी लाल दिवासुद्धा नाही. नेट नुसते आजारी पडते.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. शनिवार पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक पिशवीत दोन राउटर घेऊन दुकानात आले. फायबरच्या पेटीला सगळे राउटर म्हणतात, मीही तेच म्हणते. एक जुना, एक नवा. नव्याचे पैसे कंपनीच्या माणसाने लावले होते, तरी त्रास तोच. सकाळी नेट चालायचे, बाई झाडू मारून गेल्या की लाल दिवा, मग थोड्या वेळाने आपोआप सुरू. सर मला म्हणाले, "बाईंच्या झाडूत काही दोष असेल का?" सर विनोद करत नव्हते. चाळीस वर्षे मुलांना कार्यकारणभाव शिकवलेला माणूस. झाडू आणि लाल दिवा यांचा संबंध त्यांनी वहीत तारीखवार लिहून आणला होता.

त्यांच्या घरी गेले. भिंतीवरच्या डबीतून निघणारी पॅचकॉर्ड चकचकीत नवी, दोन्ही टोकांना निळी. डबीतले कपलर मात्र हिरवे. विचारल्यावर कळले की दिवाळीच्या आधी जुनी कॉर्ड उंदराने कुरतडली, म्हणून मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवली. चांगल्या कंपनीची, महागातली. मुलाने "सिंगल मोड, तीन मीटर" एवढे बरोबर बघितले होते. रंग बघायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि तो स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मी उजेड मोजणारा पावर मीटर लावला. डबीतल्या हिरव्या पिनेवर उणे १९.८ डीबीएम. तीच वाट निळ्या कॉर्डमधून मोजली तर उणे २५.९. ज्यांना हा हिशोब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डीबीचा आकडा ३ ने घसरला की उजेड निम्मा होतो, ६ ने घसरला की चौथा हिस्सा उरतो. म्हणजे कंपनीने गावाबाहेरून, स्प्लिटरमधून वाटून, पावसापाण्यातून सरांच्या भिंतीपर्यंत जेवढा उजेड आणून पोचवला, त्याचे चारातले तीन हिस्से त्या तीन मीटरच्या कॉर्डच्या तोंडाशी वाया जात होते. घरातली ही पेटी साधारण उणे २७ पर्यंत तग धरते. सर काठावर होते. झाडूचा धक्का लागला की कॉर्ड हलायची, काठावरून पाय घसरायचा.

एका टोकाला हिरवी आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी कॉर्ड दिली, कारण त्यांच्या पेटीचे भोक निळे होते. पुन्हा मोजले तेव्हा उणे २०.१. दीडशे रुपयांच्या आतले काम. बाईंचा झाडू निर्दोष सुटला, सरांनी तसे वहीत लिहिले.

आता असे का होते ते सांगते. आपल्याकडे ऊस सगळ्यांनी पाहिला आहे. दोन कांड्या घ्या. एक कोयत्याने सरळ तोडलेली, दुसरी तिरपी. टोकाला टोक लावून बघा, मधे फट राहणारच. निळ्या पिनेच्या आतल्या पांढऱ्या दांडीचे तोंड सरळ, किंचित फुगीर घासलेले असते. हिरव्या पिनेचे तोंड ८ अंशांत तिरपे घासलेले असते. निळीला निळी भेटली की दोन्हींच्या मधोमध असलेली काच काचेला टेकते. हिरवीला हिरवी भेटली की तिरपे तिरप्याशी जुळते, तीही काच काचेला टेकते. हिरवीला निळी भेटली तर दोघींची कड कडेला लागते, मधली काच टेकतच नाही, आणि त्या फटीत हवा. वर पिनेच्या आत स्प्रिंग असते, ती दोघींना एकमेकींवर दाबत राहते. त्यामुळे तोंडावर ओरखडा उठण्याचीही भीती. ओरखडा उठलेली पिन पुढे बरोबर जोडीदाराला लावली तरी कुरकुर करते, आणि जोडीदारालाही बिघडवते.

तिरपे घासण्याचे कारण काय? रात्री खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो ना, तेच. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. फायबरमध्ये मागे फिरलेला उजेड ज्या लेझरमधून निघाला त्याच्याच तोंडावर जाऊन आदळतो. निळ्या पिनांची जोडी नीट बसली तर साधारण लाखातला एक हिस्सा किंवा त्याहून कमी परत जातो, तेवढा बहुतेक कामांना चालतो. हिरवीत उतारामुळे परतणारा उजेड मधल्या वाटेवरून बाहेर फेकला जातो आणि दहा लाखांतला एक हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, मागे जातो. केबल टीव्हीवाल्यांना हा फरक सगळ्यात आधी जाणवला, कारण त्यांच्या चित्रात परत आलेल्या उजेडाची खरखर दिसायची. म्हणून केबलच्या धंद्यात हिरवी रुळली. घरोघरच्या नेटमध्ये एका फायबरचे स्प्लिटरने बत्तीस-बत्तीस, चौसष्ट-चौसष्ट वाटे होतात, आणि बऱ्याच कंपन्या त्याच वायरीतून टीव्हीही पाठवतात. म्हणून भिंतीवर हिरवी. पेटीत काही कंपन्या निळे भोक देतात, काही हिरवे. इथेच लोक फसतात.

तेव्हा दुकानात जाण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक भिंतीवरच्या डबीचा, एक पेटीच्या भोकाचा. कॉर्डच्या ज्या टोकाला जे भोक, त्या टोकाला त्या रंगाची पिन. निवड एवढीच आहे. दोन्हीकडे हिरवे असेल तर हिरवी-हिरवी, एकीकडे हिरवे आणि एकीकडे निळे असेल तर हिरवी-निळी. "हिरवी चांगली, निळी कमी प्रतीची" असे काही दुकानदार सांगतात आणि हिरव्याचे वीस रुपये जास्त लावतात, ते ऐकू नका. चप्पल डावी चांगली का उजवी असे आपण विचारत नाही.

भोकाच्या रंगावरही आंधळा विश्वास मात्र नको. मी उघडलेल्या कितीतरी डब्यांत कपलर निळे आणि आत लपलेली पिन हिरवी निघाली आहे. बसवणाऱ्या मुलाकडे त्या दिवशी हिरवी कपलर संपलेली असतात. म्हणून शंका आली तर मागची पिन जरा ओढून रंग बघायचा. रंग बघायचा म्हणजे प्लास्टिकचा. पिनेच्या तोंडात डोळा घालायचा नाही. नेटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. घरापर्यंत येतो तो फार क्षीण असतो हे खरे, पण केबल टीव्हीच्या वायरीत तोच उजेड वाढवून सोडलेला असू शकतो, आणि कुठल्या वायरीत काय आहे हे तोंडावर लिहिलेले नसते. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी पिनेचे तोंड जमिनीकडे धरायला शिकवते, मशीनला हात लावायला नंतर.

कापायचा परिच्छेद हा. आमचे आजोबा ओगलेवाडीच्या काचकारखान्यात होते. प्रभाकर कंदिलाच्या काचा तिथल्या, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. वडील टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर. रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्री, आत बसून शेकडो तांब्याच्या तारांच्या जोड्या रंगानुसार वळायच्या, कागदी नळ्या चढवायच्या, वरून शिशाची नळी वितळवून बंद करायची. एका मोठ्या जोडाला दोन-दोन दिवस लागायचे. १९७९ साली पुण्यात देशातली पहिली ऑप्टिकल फायबर दोन टेलिफोन एक्स्चेंजांच्या मधे चालू झाली, तेव्हा वडिलांचे साहेब म्हणाले होते, "आता तुमचं शिसं गेलं." शिसे जायला पुढे वीस वर्षे लागली, पण गेले. वडिलांना एकच कळत नसे, की काचेची तार वळायची कशी. मी घरी पहिल्यांदा स्प्लायसिंग मशीन आणले तेव्हा ते शेजारी बसून पडद्यावर दोन काचा वितळून एक होताना बघत राहिले. मशीनने शून्य पॉइंट शून्य दोन डीबी लॉस दाखवला. वडील म्हणाले, "जोड चांगलाय. पण तू हात धुतलास का?"

त्यांचा हा प्रश्न मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना रोज विचारते, कारण दुसरा मोठा आजार धूळ आहे. ज्या काचेतून घरचे नेट येते तिच्या आतली उजेडाची वाट ९ मायक्रॉन रुंद असते, बाहेरची काच धरून १२५. माणसाचा केस साधारण ७०. म्हणजे वाट केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. त्या वाटेवर पिठाचा कण म्हणजे घाटात दरड. बोट लागले तर बोटाचा तेलकटपणा संपूर्ण तोंडभर पसरतो. आमच्याकडे गळीत हंगामात चिपाडाची काळी राख गॅलरीभर उडते, वाळत घातलेल्या धोतरावर ठिपके पडतात. त्या दिवसांत टोपी काढून ठेवलेली पिन तासभर उघडी राहिली तर तिचे काय होत असेल, ते सांगायला दुर्बीण लागत नाही. लावली तर मात्र दिसते, आणि पाहून किळस येते. माझ्याकडे चारशे पट मोठे दाखवणारा छोटा स्कोप आहे. ज्या गिऱ्हाइकाला "पिन तर नवीनच आहे" असे म्हणायचे असते त्याला मी तो दाखवते. नव्या पिनेच्या प्लास्टिकच्या टोपीच्या आतली घाणही तोंडावर आलेली असते. पाकीटबंद नवी पिनसुद्धा लावण्याआधी पुसायची असते हे पुष्कळ तंत्रज्ञांनाही पटत नाही.

पुसायची कशाने? शर्टाच्या बाहीने नाही. फुंकरही नको. फुंकरीत थुंकीचे शिंतोडे असतात आणि ते वाळले की डाग पक्का. करोनाच्या काळात सगळ्यांच्या खिशात सॅनिटायझर होते, तेव्हा पोरांनी पिना सॅनिटायझरने पुसल्या. त्यात पाणी असते, बहुतेकांत हाताला मऊ ठेवायला ग्लिसरीन असते, ते काचेवर थर धरून बसते. त्या वर्षी मी कमावलेल्या पैशांत सॅनिटायझरचा वाटा मोठा आहे. पुसायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा टिश्यू लागतो. ओले पुसायचे, लगेच कोरडे पुसायचे, एकाच दिशेने. किंवा सरळ टक्-टक् करणारा क्लीनर पेन घ्यायचा, जो आतल्या फितीने तोंड पुसतो आणि कपलरच्या आत असलेली पिनही न काढता साफ करतो. एका पेनात शेकड्यांनी पिना साफ होतात. मोठ्या कंपन्यांच्या ठेकेदारांनी प्रत्येक मुलाच्या बॅगेत असा एक पेन दिला तर त्यांचे निम्मे फेरे वाचतील असे माझे मत आहे. आकडा माझ्याजवळ नाही, अनुभव आहे.

पण ठेकेदार देत नाहीत, आणि मुलांवर मी रागावणार नाही. त्यांना जोडणीमागे पैसे मिळतात. दिवसाला दहा-बारा घरे, भर उन्हात खांबावर शिडी, वरून साहेबाचा फोन. आमच्याकडे एक मुलगा संध्याकाळी पिना घ्यायला येतो, त्याच्या बोटांत काचेचे तुकडे रुतलेले असतात. मी चिमट्याने काढते. त्याला मी पुसण्याचे व्याख्यान दिले तर तो म्हणतो, "मावशी, पुसायचे पैसे वेगळे मिळत नाहीत."

त्यामुळेच घरोघर ती हाताने बसवायची पिन आली आहे, जिला आम्ही फास्ट कनेक्टर म्हणतो. कारखान्यात घासून तयार झालेल्या पिनेची शेपटी, म्हणजे पिगटेल, मशीनने वितळवून जोडली तर तो जोड वर्षानुवर्षे हलत नाही. फास्ट कनेक्टरमध्ये काच कापून आत सरकवतात. आत एक जेल असते, ते फट भरून काढते. काम दोन मिनिटांचे. मी याच्या विरुद्ध नाही. कटर चांगला असेल, काच सरळ कापली गेली असेल, तर तोही चालतो. पण एकदा काढलेला फास्ट कनेक्टर दुसऱ्या घरी पुन्हा वापरणे मला पटत नाही. जेलमध्ये काचेचा चुरा राहतो, बुडबुडा राहतो. आणि बोथट झालेल्या पात्याने कापलेली काच म्हणजे अडाणी न्हाव्याने कापलेले केस, वरून ठीक दिसते. घरचे नेट दोन-तीन वर्षांनी हळूहळू बिघडत असेल, रीडिंग दर पावसाळ्यात एखाद-दोन डीबी खाली जात असेल, तर खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या या पिनेकडे आधी बघा. राउटर सगळ्यात शेवटी.

ज्यांना घरापलीकडे काम पडते त्यांच्यासाठी थोडे. सोसायटीचे सीसीटीव्ही, शाळेची प्रयोगशाळा, छोटा कारखाना. तिथे रंगाबरोबर आकारही बघावा लागतो. आपल्या घरातली मोठी चौकोनी पिन म्हणजे एससी, जपानी लोकांची देणगी. एक नेट अनेक यंत्रांना वाटणाऱ्या स्विचच्या मॉड्यूलमध्ये लागते ती निम्म्या जाडीच्या दांडीची छोटी पिन, एलसी. ती टेलिफोनच्या तारेच्या पिनेसारखी खटका दाबून निघते. आट्याने फिरवून बसवायची एफसी आता जुन्या रॅकमध्ये आणि मोजमापाच्या यंत्रांवर दिसते, पिळून अडकवायची गोल एसटी जुन्या कॉलेजांत. कुठली श्रेष्ठ असा वाद नको, समोरच्या यंत्राला जी लागते ती घ्यायची.

एवढे मात्र जपा. केबलच्या वरच्या सालीचा रंग पिवळा असेल तर आत बहुतेक ९ मायक्रॉनची बारीक वाट, नारिंगी किंवा फिकट निळसर हिरवा असेल तर ५० किंवा ६२.५ मायक्रॉनची रुंद वाट. जवळच्या एका महाविद्यालयात भिंतीतली केबल जुनी नारिंगी होती, कुणीतरी शेवटी पिवळी कॉर्ड लावली. बारीकातून रुंदात उजेड जातो, ओढ्याचे पाणी नदीत जाते तसा. रुंदातून बारीकात येताना जवळजवळ सगळा बाहेर सांडतो. एका बाजूने लिंक दिसते, दुसऱ्या बाजूने नाही, आणि माणसे आठवडाभर स्विचला शिव्या देतात. त्यांनी दिल्या, मी ऐकल्या.

सीसीटीव्हीवाल्यांचा आणखी एक गोंधळ. एकाच काचेवर दोन्हीकडून बोलणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे तांब्याच्या वायरीतले सिग्नल उजेडात आणि उजेडातले वायरीत बदलणाऱ्या डब्यांची, जोडी असते, एकावर ए आणि दुसऱ्यावर बी. एक १३१० नॅनोमीटरच्या उजेडावर पाठवतो आणि १५५० च्या उजेडावर ऐकतो, दुसरा उलट. एक जळाला की लोक "तसलाच द्या" म्हणून दुसऱ्या टोकाचा दाखवून नेतात, मग दोन्हीकडे ए. दोघेही एकाच सुरात बोलतात, कुणाला कुणाचे ऐकू येत नाही. ग्रामसभेसारखे. जळालेलाच दुकानात आणत जा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. माझी मागणी मोठी नाही. घरी जोडणी देताना भिंतीवरच्या डबीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: जोडणीची तारीख, डबीतल्या पिनेचा रंग आणि त्या दिवशीचे पावर रीडिंग. मग दोन वर्षांनी कुणीही तंत्रज्ञ आला तर त्याला पहिल्या दिवशी किती होते ते कळेल. उणे २० चे उणे २६ झाले असेल तर दोष वाटेत आहे, राउटर विकायची गरज नाही. आकडा होता तेवढाच असेल तर दोष पेटीत किंवा कंपनीच्या आत. ग्राहकालाही एक पुरावा राहील. गॅस सिलिंडर देताना वजन करून दाखवतात, पेट्रोल भरताना शून्य दाखवतात, मग ज्याचे दरमहा पैसे घेता त्या उजेडाचे माप दाखवायला काय हरकत आहे? मीटर मुलांच्या बॅगेत असतोच. लिहायला अर्धा मिनिट लागतो.

कंपन्या आपण होऊन हे करणार नाहीत, म्हणून वाचकांना सांगते. नवी जोडणी घेताना माणसाला चहा द्या आणि विचारा, "किती आलं?" तो सांगेल. "उणे किती" असेही विचारा, म्हणजे त्याला कळेल की घरच्यांना काहीतरी कळते. मग स्वतःच कागदावर लिहून चिकटवा. उणे १५ ते उणे २३-२४ च्या मधे असेल तर निर्धास्त राहा. उणे २५ च्या पुढे असेल तर त्याला शिडीवरून उतरू देऊ नका. उलटा प्रकारही कधी होतो, एक्स्चेंज जवळ असले की उजेड जास्त येतो, उणे ८ च्या वर गेला तर पेटीचे डोळे दिपतात. असे मी दोनदाच पाहिले आहे.

खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी फायबर पोचवायचे काम २०११ पासून चालू आहे. आमच्या भागातल्या काही पंचायतींच्या कार्यालयांत मी ती पेटी पाहिली आहे. कपाटावर असते, वर हार घातलेला फोटो असतो, पिनेच्या टोप्या हरवलेल्या असतात. ग्रामसेवकांना माझी विनंती एवढीच, की वापरात नसलेल्या भोकावर टोपी ठेवा. टोपी हरवली असेल तर आमच्या दुकानातून न्या, त्याचे पैसे मी घेत नाही.

मुख्याध्यापक सर परवा पुन्हा आले होते. त्यांनी आपल्या घराची चिठ्ठी तर लावलीच, वर शेजारच्या चार घरांच्या डब्यांचे रंग आणि रीडिंग वहीत उतरवून आणले. रीडिंगसाठी त्यांनी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला रिक्षाने नेले होते, भाडे स्वतः दिले. त्यात एका घरी निळ्या-हिरव्याचा तोच घोळ निघाला. त्या घरातल्या बाई सरांना म्हणाल्या, "अहो, पण बसलीय की ती." सरांनी तेही अवतरणचिन्हांत लिहिले आहे.

दोन्ही पिनांचे फोटो पत्रासोबत पाठवणार होते. पण आपले हे पान काळ्या-पांढऱ्यात छापले जाते, त्यात हिरवी आणि निळी सारखीच राखाडी दिसतील, म्हणून पाठवलेले नाहीत.

कळावे,
आपली,
फायबर जोडणारी एक दुकानदारीण, कराड

ता.क. नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्याविषयी लिहिले त्यातल्या दोन ठेकेदारांची बिले अजून माझ्याकडे यायची आहेत.